देवस्थळीकाकांचा शेवंतीचा चहा

देवस्थळीकाका लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार करत नाहीत. "वर बघ," म्हणतात. आपण वर बघतो. "खाली बघ." आपण खाली बघतो. मग अंगठ्याने आपली पापणी अलगद ओढून आत डोकावतात, 'हं' करतात आणि अकराव्या मजल्याचं बटण दाबतात. लिफ्ट वर पोचेपर्यंत आपल्या लिव्हरचा निकाल लागलेला असतो. हा प्रकार माझ्यावर पहिल्यांदा झाला तेव्हा आम्हाला सिंगापुरात, हौगांगच्या या फ्लॅटमध्ये येऊन जेमतेम दोन तास झाले होते आणि माझ्या दोन्ही हातांत मिक्सर होता.

"लिव्हर तापलंय," ते म्हणाले. "मी देवस्थळी. शेजारचा."

काकांचं सगळं आयुष्य जहाजांवर गेलं, शेवटची दहा वर्षं चीफ इंजिनिअर म्हणून. निवृत्त झाल्यावर हाताशी इंजिन उरलं नाही, तेव्हा त्यांनी माणसं घेतली. आमच्या मार्केटशेजारी एका चिनी वैद्यबाईंचं दुकान आहे. अशा वैद्याला इथे सिनसे म्हणतात. डोळ्यांचं मूळ लिव्हरमध्ये असतं असं चिनी वैद्यकात मानतात, हे त्यांनी काकांना एकदा सांगितलं आणि काकांना ते असं पटलं की विचारू नका. "डोळा म्हणजे नुसती गेजची काच," ते मला समजावत. "काटा लाल दिसला म्हणून काच पुसत बसशील का? खाली बॉयलर बघायला नको?"

सिनसेंच्या दुकानात भिंतभर लाकडी ड्रॉवर आहेत. एकदा त्यांनी एक ड्रॉवर उघडून डोळ्यांसाठी म्हणून काही तपकिरी बिया काकांच्या हातावर ठेवल्या. काकांनी त्या उलटसुलट केल्या, दाताखाली धरल्या आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की हा टाकळा आहे. आमच्या गुहागरला पावसाळ्यात वाटेच्या कडेला माजतो तो टाकळा. आम्ही त्याच्या पाल्याची भाजी करून खातो आणि बिया तुडवत शाळेत जातो. सिनसेंचा विश्वास बसला नाही. काकांची मात्र त्या दिवसापासून चिनी वैद्यकावर माहेरच्या माणसासारखी माया जडली.

त्या मायेतूनच गेल्या गणपतीतला तो गोंधळ झाला. थकलेल्या डोळ्यांसाठी सिनसे वाळवलेल्या शेवंतीचा चहा देतात, त्यात लालचुटुक गोजीची फळं घालून. काकांनी विचार केला, शेवंती काय, आपल्या घरात ढीगभर आहे. विसर्जनानंतर त्यांनी त्यांच्या नि आमच्या गणपतीचे सगळे हार सोडले, फुलं कॉरिडॉरमध्ये वर्तमानपत्रावर वाळत घातली आणि आठवड्याने आम्हाला चहाला बोलावलं. चहाला उदबत्तीचा वास येत होता. काकांच्या बायकोने, नलूकाकूंनी, कप तोंडाशी नेला, हुंगला आणि खाली ठेवला. "अहो, निर्माल्य उकळतं का कुणी?" एवढंच म्हणाल्या. माझ्या मुलीने, ईराने, एक घोट घेतला आणि काकांच्या देखत इथल्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, धिस वन टेस्ट्स लाइक टेंपल, लाह." काका हट्टाने दोन कप प्यायले आणि दुसरा दिवस त्यांनी घरातच काढला. तिसऱ्या दिवशी ती फुलं पाहून सिनसेंनी कपाळाला हात लावला. हारातली फुलं बघायची असतात, त्यांच्यावर फवारे मारलेले असतात, प्यायची शेवंती वेगळी, असं त्यांनी काकांना लहान मुलासारखं सुनावलं.

मी बँकेत रिपोर्ट तपासते, आठवड्यातून तीन दिवस घरून. दुपारी तीनला माझे डोळे मिरची लागल्यासारखे चुरचुरायला लागतात. हे कळल्यापासून काका बरोबर तीनला बेल वाजवतात. दारात उभे राहून ओरडतात, "राउंड!" मग मी खुर्ची सोडायची. नाकाशेजारच्या खळग्यात हलकेच दाबायचं, मग भुवया, मग कानशिलं. तळहात घासून, गरम करून मिटल्या डोळ्यांवर ठेवायचे. शेवटी खिडकीतून समोरच्या ब्लॉकवरचा मोठ्ठा नंबर मोठ्याने वाचायचा. तो नंबर काही बदलत नाही, तरी रोज वाचायचा. मग काका थर्मासमधून खरा, सिनसेंच्या पुडीतला चहा ओततात. खरं सांगते, बरं वाटतं. चहाने की दहा मिनिटं कुणीतरी आपल्याला स्क्रीनपासून उठवतं म्हणून, ते मी कधी शोधलं नाही.

मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळीच माझ्या डाव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगायला लागले. भिंतीकडे पाहिलं की चिलटं उडाल्यासारखी. डोळा फिरवला की कडेला वीज चमकायची. नवरा कामासाठी जकार्तात, ईरा शाळेत. मला वाटलं, झोप कमी झाली. अकराला एक मीटिंग होती. त्याआधी थोडा चहा मिळाला तर बघावं म्हणून मी काकांची बेल वाजवली आणि हसत हसत सांगितलं, आज राउंड लवकर घ्या, डोळ्यांत चिलटं शिरली आहेत.

काका हसले नाहीत. पापणी ओढली नाही. लिव्हरचं नावही काढलं नाही.

"चमकतंय का?" त्यांनी विचारलं.

"हो, कडेला. काका, थोडा चहा..."

"आज चहा नाही. चप्पल घाल."

मीटिंगचं सांगितलं तर म्हणाले, मीटिंगला दोन डोळे लागतात. मी चहा मागत होते आणि चहावाला देत नव्हता. दहा मिनिटांत आम्ही टॅक्सीत होतो. एरवी टॅक्सीवाल्याच्या लिव्हरची चौकशी करणारा हा माणूस पूर्ण वाटभर फक्त मीटर आणि सिग्नल बघत होता. थर्मास मात्र सवयीने बरोबर आणला होता, तो मांडीवर घट्ट धरून बसला होता.

हॉस्पिटलात बाहुली मोठी करणारे थेंब घालून मला बसवून ठेवलं. समोरचं सगळं धुरकट झालं. काकांचा चेहराही. कदाचित म्हणूनच ते बोलले असतील.

नलूकाकूंचा उजवा डोळा गेलेला आहे हे मला माहीत होतं. मी समजत होते, शुगरमुळे. तसं नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी काका जहाजावर असताना काकूंनी फोनवर सांगितलं होतं की डोळ्यासमोर काळं काळं उडतंय, मधेच चमकतं. काकांनी सांगितलं, शिवणकाम कमी कर, काकडीच्या चकत्या ठेव. तीन आठवड्यांनी काका घरी पोचले तोवर आतला पडदा सुटला होता.

"कॉम्प्रेसरचा आवाज एवढासा बदलला तर मी झोपेतून उठायचो," काका म्हणाले. "आणि ती सांगत होती, तर मी काकडी सांगितली."

सिनसेंकडे ते पहिल्यांदा गेले ते काकूंचा गेलेला डोळा घेऊन. त्या बाईंनी नाडी पाहिली आणि स्वच्छ सांगितलं की हा आता माझ्या हातात नाही. थकलेल्या डोळ्याला मी आराम देईन. पण काळं उडालं, वीज चमकली, तर माझ्याकडे येऊ नका, सरळ हॉस्पिटल गाठा. काकांनी त्यांच्याकडून शिकलेल्या सगळ्या गोष्टींत ही एकच त्यांनी कुणाला ऐकवली नव्हती, आणि हीच सगळ्यात पक्की लक्षात ठेवली होती.

माझ्या डोळ्यातल्या पडद्याला चीर गेली होती. त्याच दिवशी लेझरने ती बंद केली. डॉक्टर म्हणाल्या, बरं झालं आजच आलात, चार दिवस काढले असते तर काही सांगता आलं नसतं. मी हे दोन्ही डोळ्यांनी बघून लिहिते आहे ते काकांमुळे, आणि मला कधी न भेटलेल्या त्या सिनसेंमुळेही. काकांना तसं म्हटलं की ते विषय बदलतात. म्हणून इथे लिहून ठेवलं.

दुपारी आम्ही परत आलो तर नलूकाकू दार उघडं ठेवून कॉरिडॉरमध्येच खुर्ची टाकून बसल्या होत्या. काकांनी जाताना फक्त एवढंच सांगितलं होतं की सुजाताला, म्हणजे मला, घेऊन जातोय. काकूंनी ते अर्धवट वाक्य पुरतं ओळखलं होतं. त्यांनी आधी मला जवळ घेतलं, डोळ्यावरच्या पट्टीवरून हात फिरवला. मग काकांकडे पाहिलं.

"वेळेत पोचलात ना?"

"पोचलो."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या. "अहो, आता माझ्या डोळ्याचं स्वतःला लावून घेणं सोडा. मी तुम्हाला कधी काही बोलले का?"

काका खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले, आणि अठरा वर्षांनी पहिल्यांदा म्हणाले, "नलू, माझं चुकलं होतं गं."