‘विच’चा मालक

मुलुंडच्या औषध कारखान्यात आमच्या लॅबचे इंग्रजी रिपोर्ट कोरगावकर तपासत. रिपोर्टात ‘विच’ (which) हा शब्द दिसला की त्यावर बोट ठेवून लिहिणाऱ्याला विचारत, “ह्याचा मालक कोण?” मालक सापडेपर्यंत बोट उचलत नसत.

एकदा मी लिहिलं होतं, ‘रॅट्स इन केजेस, विच वेअर वॉश्ड डेली’. कोरगावकर म्हणाले, रोज आंघोळ कोणाला, उंदरांना की पिंजऱ्यांना? मी म्हटलं, उघड आहे, पिंजऱ्यांना. ‘उघड’ हा शब्द त्यांना सोसत नसे. त्यांनी सरळ प्राणिघरात फोन लावला. तिथल्या सावंतांनी शांतपणे सांगितलं की पिंजरे शनिवारी धुतात, उंदीर कधीच नाही. माझा रिपोर्ट तीन दिवस अडकला.

त्यांचं म्हणणं, मराठीत जो, जी, जे म्हटलं की मालक बहुतेक वेळा आपणच हजर होतो. इंग्रजीत सगळ्यांना मिळून एकच विच. मग पुढे वॉज आहे की वेअर, ते बघायचं. ‘सायरप इन बॉटल्स, विच’नंतर ‘वॉज लेफ्ट इन द सन’ आलं तर उन्हात सायरप राहिलं, वेअर आलं तर बाटल्या. आमच्या लॅबचे साहेब म्हणाले, अहो, बाटल्या उन्हात म्हणजे सायरपही उन्हातच ना.

“बाटल्या तेव्हा भरलेल्या होत्या, असं कुठे लिहिलंय?”

साहेबांनी सही न करताच पेनाचं टोपण परत लावलं.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. बोरिवलीला दोन खोल्यांत ते आणि त्यांची थोरली बहीण राहत. घरचं याहून जास्त ते कधी बोलले नाहीत.

एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. ताईंच्या एक्स-रेचा रिपोर्ट. फुप्फुसात जुन्या व्रणाशेजारी एक गाठ, ‘विच हॅज नॉट ग्रोन’. वाढलं नाही ते काय, गाठ की व्रण? दोन्ही एकवचनी. डॉक्टर भेटणार बुधवारी. कागद घडीवर फाटायला आला होता.

“तुला काय वाटतं?” त्यांनी विचारलं. सात वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला.

मला गाठच वाटत होती, पण नुसत्या वाटण्यावर बोलायचा धीर झाला नाही. बुधवारी मीही येतो, एवढंच म्हणालो.

डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी धरले. म्हणाले, गाठ पूर्वीइतकीच आहे, काळजीचं कारण नाही. आता कोरगावकर वाक्य दुरुस्त करायला लावणार, म्हणून मी थांबलो. त्यांनी कागद खिशात घातला आणि हात जोडले.

बाहेर बाकावर ताई बसल्या होत्या.

“काय रे म्हणाले?”

“बरी आहेस तू. चल.”

ताईंच्या चपलेचा पट्टा सुटला होता. कोरगावकर खाली बसून तो लावू लागले. एका बकलाला लागावा त्याहून त्यांना बराच जास्त वेळ लागला. ताई त्यांच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिल्या.