वेंडेलचं बोट

मोठा रस्ता सोडून खडीच्या रस्त्याने जायचं, एवढंच वेंडेलने ठरवलं होतं. (बायकोला न विचारता ठरवलं, हे वेगळं सांगायला नको. विचारून ठरवलं असतं तर गोष्ट कशाला झाली असती?)

"अर्धा तास जास्त लागेल," कॉरीन म्हणाली. "आणि गसला सू लागली तर?"

"मक्यात जाईल. माझं अख्खं लहानपण मक्यातच गेलं."

फिलाडेल्फिया सोडून आज तिसरा दिवस. मागच्या सीटवर सात वर्षांची टिली, चार वर्षांचा गस आणि दोघांच्या मधे चुरडलेल्या बिस्किटांची टेकडी. नेब्रास्का लागल्यापासून वेंडेल असा ताठ बसला होता, की जणू वरातीत घोड्यावर बसलाय. अठरा वर्षांनी तो गावाकडे येत होता. बाप गेला, शेत विकलं, आई बहिणीकडे राहायला गेली. मग यायला निमित्तच उरलं नाही. पण निमित्त संपलं म्हणून ओढ संपते असं ज्याला वाटतं, त्याने एकदा गाव सोडून बघावं.

"आता गंमत बघा हं, पोरांनो," तो म्हणाला. "इथे समोरून गाडी आली की माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. एकच. पंजा हलवणं वगैरे शहरी चाळे नाहीत. तुमचे आजोबा असं करायचे." त्याने तर्जनी उचलून दाखवली.

"आपल्याकडे पण गाडीतून बोट दाखवतात," टिली म्हणाली. "पण आई म्हणते, तिकडे बघायचं नाही."

"ते बोट वेगळं," कॉरीन घाईने म्हणाली.

"समोरच्याने उलट बोट उचललं, की समजायचं आपण इथले. तू मोज, टिली."

टिलीने वही उघडली.

वेंडेलचा बाप हार्लन मोजून बोलायचा. मुलाला जवळ घेणं, पाठीवर हात फिरवणं, असलं काही त्याला जमलं नाही. पण शेजारी बसवून गावात न्यायचा, तेव्हा येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते जाडजूड बोट वर व्हायचं आणि पोराला वाटायचं, आपला बाप म्हणजे या मुलखाचा राजा. फिलाडेल्फियात सिग्नलला उभं असताना वेंडेलचं बोट अजूनही आपोआप वर जायचं. अठरा वर्षं त्याला कुणी जबाब दिला नव्हता.

पहिला पिकअप आला. वेंडेलने बोट उचललं. पिकअपची काच वर गेली आणि पिकअप निघून गेला.

"त्याला दिसलं नसेल."

मग ट्रॅक्टर आला. मग गवताचे भारे लादलेला ट्रक आला, चालवणारी बाई सत्तरीची.

"शून्य, शून्य, शून्य," टिलीने वाचून दाखवलं.

"वाच म्हटलं का मी?"

मग वेंडेलने दोन बोटं उचलली. पुढच्याला चार. त्याच्या पुढच्याला पंजा. शेवटी काच खाली करून त्याने खांद्यापर्यंत हात बाहेर काढला आणि आगगाडी थांबवावी तसा हलवला. धुळीचा लोट आत आला. गस शिंकला आणि म्हणाला, "बाबा, बिस्किटात वाळू गेली."

पण मागे कचकन ब्रेक लागला. नुकताच समोरून गेलेला पिकअप वळला आणि पाठलाग करत आला.

"बघितलंस?" वेंडेल ओरडला. "ओळख पटली!" त्याने गाडी कडेला घेतली.

पिकअपमधून एक म्हातारा औषधाची पेटी घेऊन पळत आला. "कुणाला लागलंय? पोरांना?"

"कुणालाच नाही. मी... रामराम करत होतो."

"असा?" म्हाताऱ्याने पेटी खाली ठेवली. "बुडणारा माणूस करतो असा रामराम."

"बोट उचललं होतं हो मी सगळ्यांना. कुणी बघेचना."

"बघणार कसे? खडीवर समोरून गाडी आली की वेग कमी करायचा, धूळ बसू द्यायची. तू ताशी साठ मैलांनी सुटलायस. आम्ही काच वर करू, का बोट वर करू?"

कॉरीनने तोंडावर रुमाल धरला. धुळीसाठी नव्हे.

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "थांब. हार्लनचा ना तू?"

"ऑर्विलकाका! शेजारच्या रानातले?" वेंडेलचे डोळे भरले. "चेहऱ्यावरून ओळखलंत?"

"चेहरा कुठला दिसतोय! धुळीवरून. मैलभरावरून लोट बघितला आणि कुत्र्याला म्हटलं, हार्लन आला. चाळीस वर्षं अशीच गाडी हाणायचा. येईल त्याला बोट उचलायचा, आणि येईल त्याची काच बंद!"

"म्हणजे बाबांना कुणी..."

समोरचा बोट उचलतो की नाही, हे बापाशेजारी बसलेल्या त्या पोराने कधी बघितलंच नव्हतं. ते बापाच्या बोटाकडे बघत बसायचं.

ऑर्विलने टोपी काढली, झटकली, परत घातली. "उचलायचो रे. तो पुढे गेला की, धुळीत. त्याला कुठलं दिसतंय! पण उचलल्याशिवाय राहवायचं नाही."

तो पेटी उचलून आपल्या पिकअपकडे गेला. मग कॉरीनने किल्ली मागितली. वेंडेलने मुकाट्याने दिली आणि मागे बिस्किटांच्या टेकडीवर जाऊन बसला.

खडीची भीती वाटते म्हणून कॉरीन बैलगाडीच्या चालीने निघाली. समोरून पिकअप आला. तिने वेग आणखी कमी केला. स्टिअरिंगवरून एक बोट उठलं. मग दुसऱ्या गाडीतून. तिसऱ्या. चौथ्या.

बापाचं शेत आलं. घराला नवा रंग, टपालपेटीवर परकं नाव. फाटकाजवळ बापाने लावलेली दोन झाडं तेवढी जागच्या जागी होती. समोरून एक ट्रॅक्टर येत होता. वेंडेलने दोन्ही पोरांच्या मधून हात पुढे काढला आणि बापासारखं, सावकाश, एकच बोट उचललं.

ट्रॅक्टरवाल्याने बोट उचललं.

"बघितलंस, टिली? लिही!" वेंडेलला हुंदका आवरेना. "लिही पटकन!"

टिलीने जीभ बाहेर काढून वहीत नीट लिहिलं, "आई पाच."