आईची ॲसिडिटी

सावनीची फाईल पाहून देवालाही पॅरोल मागावासा वाटला असता! बेचाळीस पानं, प्रत्येकावर क्रमांक, रंगीत चिठ्ठ्या आणि पुढे अनुक्रमणिका. सावनी वाचनालयात नोकरीला होती. अनुक्रमणिका असल्याशिवाय तिला पिशवीतली भाजीही नीट दिसत नसे.

फाईल तिच्या भावाची. चार वर्षांपूर्वी मिरकरवाड्याच्या मासळी लिलावात सलिलने भांडणाच्या भरात एकाला ढकललं. तो माणूस धक्क्यावर डोकं आपटून गेला, आणि सलिल सात वर्षांसाठी कोल्हापूरच्या तुरुंगात. आता त्याला रजेवर आणायचं होतं, आई आहे तोवर. आईचं हृदय वीस टक्केच चालत होतं आणि डॉक्टर आता महिने म्हणायचे सोडून आठवडे म्हणू लागले होते.

मोफत विधी सेवेतली वकील उझमा फी घेत नसे. त्याऐवजी ओरडत असे. "नुसत्या अर्जाने काय होतंय? बाहेर येणाऱ्याला घर लागतं, काम लागतं, हमी देणारा शेजारी लागतो! आण कागद!" म्हणून पान तेवीसला बर्फ कारखान्याचं पत्र होतं, सुटल्यावर कामावर घेऊ म्हणून. पान तिसाला शेजारच्या जैनुद्दीनचाचांचं हमीपत्र. आणि पान सतराला डॉक्टरांचा दाखला, सगळ्या फाईलचा कणा.

एवढ्या बिनचूक फाईलमध्ये एकच उणीव होती. पान सतरा आईला माहीत नव्हतं. घरात त्याला ॲसिडिटी म्हणत. डॉक्टर, नर्स, मासेवाली, सगळ्यांना सावनीने पढवून ठेवलं होतं. आख्ख्या वाडीला उमाबाईंचं हृदय ठाऊक होतं, एका उमाबाईंना सोडून!

बुधवारी दुपारी तीनला हवालदार चौकशीला येणार होता. आई दोनला गोळी घेऊन झोपते. हवालदार येईल, झोपलेली आई बघेल, पान सतरा वाचेल, हळहळेल आणि जाईल. सावनीचा बेत घड्याळासारखा होता.

हवालदार हर्षद साडेबारालाच उगवला. "इकडे दुसरं काम होतं. म्हटलं, हेही उरकून टाकू."

"कोण आलंय गो?" आतून आई.

"कोणी नाही!"

"सलिलच्या रजेच्या चौकशीला आलोय!" हवालदाराचा आवाज परेडचा.

झालं! आत भांडी वाजली. वीस टक्के हृदयाने पाच मिनिटांत ठेवणीतली साडी नेसली, केस चापूनचोपून बसवले आणि तवा चढवला. सावनीला बघायला पाहुणे यायचे तेव्हाही आई एवढी नटली नव्हती. तेव्हा निदान पोहेच असत. आज बांगडे!

"काकू, आजारी कोण आहे?"

"आजारी? आमच्याकडे?" घरात ढेकूण आहेत का असं विचारल्यासारखा आईने चेहरा केला. "ही सावनी जरा अशक्त आहे, खात नाही नीट. बाकी सगळं ठणठणीत!"

तेवढ्यात हमी देणारे जैनुद्दीनचाचा लगबगीने आले. येतानाच त्यांनी मयताला शोभेल असा चेहरा करून आणला होता. "काय सांगू हवालदारसाहेब, उमाबायची हालत..."

आई झारा घेऊन दारात आली. "काय झालंय माझ्या हालतीला, जैनुद्दीन?"

चाचांनी तीस वर्षं जहाजावर काढली होती, वादळं पाहिली होती. पण समुद्राच्या हातात झारा नसतो. "ॲ... ॲसिडिटी!" ते म्हणाले. "भयंकर ॲसिडिटी हाय साहेब! बघवत नाय!"

"ॲसिडिटीसाठी पॅरोल?" हवालदार हसला. "मग आमच्या अख्ख्या ठाण्याला सोडा की!"

"फाईल बघा ना," सावनी कुजबुजली. "पान सतरा. पण मनात वाचा."

मनात वाचणं हवालदाराला शिकवलेलंच नव्हतं. सरकारी कागद तो दवंडी पिटल्यासारखा वाचत असे. "श्रीमती उमा, वय अडुसष्ट, यांचे हृदय..."

फर्रर्र! सावनीने पान ओढून काढलं. फाईलच्या दोऱ्याला नुसता कोपरा लोंबत राहिला.

"काय माझं हृदय?" आईने विचारलं.

"मोठं आहे म्हणतायत!"

"ते तर हायच," चाचांनी दुजोरा दिला.

हवालदाराच्या भुवया टोपीत शिरल्या. "ताई, पुरावा फाडताय? बोगस दाखला आहे काय? द्या इकडे."

सावनीच्या मुठीत पान सतरा होतं. ते दिलं तर भाऊ येणार होता आणि आईला कळणार होतं. आई झारा हातात धरून तिच्याकडे बघत होती. सावनीने मूठ उघडली नाही.

मग हवालदार जेवला. तीन बांगडे आणि दोन पेले सोलकढी संपवून त्याने ढेकर दिली आणि लिहिलं: 'सदर महिला स्वतः बांगडे तळताना आढळून आली. कैद्याच्या बहिणीने कागद लपवला. रजेची निकड दिसून येत नाही.'

फोनवर उझमाचा आवाज फोनशिवायही ऐकू आला असता. "चार महिने तू सरकारला ओरडून सांगतेयस की आई जाणार! आणि आईला एकदा हळू सांगवत नाही? उद्या दहाला ठाण्यात ये, चूक दुरुस्त करून घेऊ. पण आज घरी बोल!"

सावनी आईजवळ जाऊन बसली. आई दमून पडली होती. चेहऱ्यावर मात्र स्थळ पसंत पडल्याचं समाधान.

"खूश होऊन गेला ना गो? तीन बांगडे खाल्लेन्!"

"आई, तू पडून का नाही राहिलीस?"

"वेडी की काय! आजारी घर बघून पोराला कोण पाठवील? धडधाकट घर दाखवायचं असतं. आल्यावर त्याचं करायला कोणी आहे, हे त्यांना दिसायला नको?"

"आई..."

"काय?"

"काही नाही. गोळी घेतलीस?"

"तुझी ती ॲसिडिटीची? घेतली."

गुरुवारी पहाटे आई गेली.

आजारी आईसाठी सरकारला चार महिने पुरले नव्हते. मेलेल्या आईसाठी मात्र तातडीची रजा असते! उझमाने दुपारच्या आत अर्ज केला, या वेळी न ओरडता. आता फक्त चौकशी राहिली होती.

शुक्रवारी हवालदार हर्षद त्याच खुर्चीवर येऊन बसला. त्याने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"वाईट झालं, ताई. पण घोळ झालाय. बुधवारी मी लिहिलं, ठणठणीत. गुरुवारी तुम्ही लिहिलंत, मयत. साहेब म्हणतात, दोघांतलं एक नक्की खोटं बोलतंय. तुमचा जबाब लागेल. आजार काय, केव्हापासून, मयताला कल्पना होती का. तो नीट झाला की सही होईल आणि दहाव्याला भाऊ घरी."

सावनीने चुरगळलेलं पान सतरा त्याच्यापुढे सपाट करून ठेवलं. मग सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून ती कुजबुजली.

"मोठ्याने, ताई. ऐकू येत नाही."

ती पुन्हा कुजबुजली.

"बोल पोरी," कोपऱ्यातून चाचा म्हणाले. "आता कोण झारा घेऊन येत नाय."

सावनी ताठ बसली. नजर दारावरून काढली नाही, आणि हवालदारालाही लाजवेल अशा आवाजात बोलली. "आई, तुला ॲसिडिटी नव्हती. तुझं हृदय वीस टक्केच चालत होतं. चार महिने मला माहीत होतं. तुला सांगायची मला भीती वाटली, आणि म्हणून तुझी नि सलिलची भेट राहिली."

हवालदाराने शब्दन् शब्द लिहून घेतला. मग नियमाप्रमाणे जबाब वाचून दाखवायला लागला. दवंडीच्याच सुरात सुरुवात झाली, पण पहिल्याच शब्दाला तो अडला. "ताई, जबाबात 'आई' चालत नाही. 'मयत' लिहावं लागतं. खोडू?"

"नको," सावनी म्हणाली. "आणि पुढे लिहा. आई, बांगडे छान झाले होते. बुधवारी तेही सांगायचं राहिलं."