पदरची पंधरा मिनिटं

प्रवास ह्या विषयात मला कोणी काही शिकवू नये. बावीस वर्षं मी बस स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसतोय. बंदर स्टँडच्या पाठीमागेच असल्यामुळे लाँचची चौकशीही माझ्याकडेच होते. अर्धं शहर मी बरोबर ठिकाणी पोचवलेलं आहे. उरलेलं अर्धं पोचलं नसेल, तर त्यांनी मी काय सांगतोय ते नीट ऐकलं नसणार.

आता खाडीपलीकडचं गाव घ्या. संध्याकाळी आमच्या गच्चीतून तिथले दिवे मोजता येतात. जायच्या वाटा तीन. लाँचने चाळीस मिनिटं. बसने सगळ्या खाडीला वळसा, म्हणजे सव्वादोन तास. खाजगी गाडीने दीड तास, अर्थात चालवणारा शहाणा असेल तर. मला झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेन. फक्त मी स्वतः तिकडे कधी गेलेलो नव्हतो. लोकांना पाठवण्याच्या नादात जायचं राहून गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या गावात माझी मेहुणी राहते. बायकोची मोठी बहीण, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. सगळे तिला ताई म्हणतात, मीही म्हणतो, पण ते आपलं पाठीमागे. कारण चार वर्षं ताई माझ्याशी बोलत नव्हत्या आणि बायकोशीही नाही. भांडण दोघी बहिणींचं असलं तरी मूळ मी होतो, हे कबूल करायला हवं.

त्याचं असं आहे. माझ्या खिडकीचा एक नियम आहे. बस साडेनऊची असेल तर मी माणसाला सव्वानऊ सांगतो. ही पंधरा मिनिटं मी पदरची घालतो. लोक उशीर करतातच; माझ्या पंधरा मिनिटांमुळे त्यांना गाडी मिळते. ह्या पंधरा मिनिटांनी किती संसार वाचवले असतील, त्याची नोंद कुठेही नाही.

चार वर्षांपूर्वी ह्या दोघींच्या धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या मेहुण्याचं लग्न होतं, तेही तिसऱ्याच गावी. आम्ही दोघं आदल्या दिवशीच पुढे गेलो होतो. ताईंना मी सवयीने सांगितलं, बस सव्वानऊची. ताई नऊ वाजून दहा मिनिटांनी स्टँडवर हजर. बस उभी होती. त्यांनी कंडक्टरला विचारलं, "ही सव्वानऊची का?" तो म्हणाला, "नाही, ही साडेनऊची." मग ताईंनी ती बस सोडली आणि सव्वानऊच्या बसची वाट पाहत बसल्या. पावणेबारापर्यंत. त्या पोचल्या तेव्हा मांडवातल्या खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते.

ताई मला नाही नाही ते बोलल्या. बायकोने माझी बाजू घेतली. "डोळ्यांसमोरची बस कोणी सोडतं का?" असं ती मोठ्या बहिणीला सगळ्यांसमोर म्हणाली. तिथून जे बिनसलं ते बिनसलंच. दोघींनी एकमेकींचे फोन नंबरसुद्धा खोडून टाकले.

आणि गेल्या आठवड्यात मेहुण्याने निरोप आणला. ताई घर विकून कायमच्या मुलाकडे राहायला चालल्या होत्या. शनिवारी दुपारी चारला मुलाने पाठवलेली गाडी येणार होती. "तिला यायचं असेल तर येऊ दे. एक वाजेपर्यंत जेवायची थांबेन. एक वाजला की समजेन काय समजायचं ते," असं ताईंनी सांगितलं होतं. मुलाचं शहर आमच्यापासून दीड दिवसाच्या वाटेवर. बायको त्या रात्री नीट जेवली नाही.

"कसं जायचं?" तिने मला विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने माझ्या खिडकीवर चौकशी केली म्हणायची.

मेहुणा म्हणाला, "दाजी, माझी गाडी आहे की. दीड तासात नेऊन सोडतो."

मेहुण्याच्या गाडीबद्दल मी वाईट बोलणार नाही. माणूस निघतच नाही, तर गाडी काय करणार? तो "निघालोच" म्हणतो तेव्हा आंघोळीला गेलेला असतो. बस वेळ खाणार. तेव्हा लाँच. पावणेअकराला सुटते, अकरा पंचवीसला पलीकडे. बायकोने भावाबरोबर ताईंना निरोप धाडला, की सकाळच्या लाँचने येतो. मी कागदावर तीन रकाने आखून तिला हा निर्णय समजावूनही सांगितला. ती म्हणाली, "पोचल्याशी कारण."

शनिवारी मी रजा टाकली. सकाळी खात्री असावी म्हणून खिडकीत फोन केला. तिथे माझा जोडीदार बसला होता. त्याला खिडकीचं सगळं शिक्षण मीच दिलेलं.

"पलीकडची सकाळची लाँच किती वाजता रे?"

"साडेदहा."

मी मनात हसलो. चेला तयार झाला होता. साडेदहा सांगतोय, म्हणजे पावणेअकरा.

बायको साडेनऊपासून चप्पल घालून दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "अगं, बस जरा. तिकडे जाऊन उन्हातच उभं राहायचंय ना? अजून एक चहा घेऊ." दुसरा चहा झाला. मी इस्त्रीची पांढरी पँट घातली. दहा पस्तीसला आम्ही रमतगमत धक्क्यावर पोचलो, तेव्हा लाँच धक्क्यापासून शंभर हात लांब होती आणि लांबच जात होती.

मी फोन लावला. "अरे, लाँच गेली!"

"मग? साडेदहा झाले ना. एक तारखेपासून वेळ बदललीय साहेब."

"तू साडेदहा म्हणालास म्हणून मी पावणेअकरा धरले. पदरची पंधरा मिनिटं कुठे गेली?"

"तुम्हाला कशी लावणार साहेब? तुम्ही घरचे. तुम्हाला खरं तेच सांगितलं."

माणसाने आदर म्हणून केलेली गोष्ट. मी विचारलं, "बस कितीला आहे?"

"अकरा."

"हे खरे अकरा की खिडकीचे?"

"हळू बोला साहेब, खिडकीत माणसं उभी आहेत."

खरे असोत की खिडकीचे, बस एकच्या आत पोचणार नव्हती. बायको समुद्राकडे तोंड करून उभी होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "ती समजायची नाही हो. तिला वाटेल, मीच आले नाही." मला फार वाईट वाटलं. बावीस वर्षं लोकांच्या गाड्या चुकू नयेत म्हणून झटलो आणि चुकवली ती नेमकी हिची.

मी मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "निघालोच." मागे नळाचं पाणी वाजत होतं.

मी मनात पुन्हा तीन रकाने आखत असताना बायको धक्क्याच्या टोकाला गेली. तिथे बर्फाच्या लाद्या भरलेली एक मोटरहोडी उभी होती. एक दणकट बाई लाद्यांवर लाकडाचा भुसा टाकत होती. मासेमारीच्या होड्यांना बर्फ पुरवत पलीकडे जायचं, हा तिचा रोजचा धंदा. बायको तिच्याशी दोन वाक्यं बोलली आणि मला हाक मारली.

मी रीतीप्रमाणे चौकशी केली. "किती वाजता सुटणार?"

"तुम्ही बसलात की," बर्फवाली म्हणाली.

"पण पोचणार किती वाजता?"

"पोचली की."

असं वेळापत्रक मी जन्मात पाहिलं नव्हतं. आम्ही गोणपाट टाकून लादीवर बसलो. सव्वाअकराला होडी निघाली. पाच मिनिटांत गोणपाट भिजलं, दहा मिनिटांत पँट. त्यानंतरचं मला काही कळलं नाही, कारण तो भाग बधिर झाला होता.

दोन होड्यांना बर्फ देऊन आम्ही खाडीच्या मधोमध आलो, तेव्हा समोरून लाँच परत येताना दिसली. बर्फवालीने तिला वाट दिली. लाँचच्या कठड्याला धरून एक पांढऱ्या केसांच्या, ताठ पाठीच्या बाई उभ्या होत्या. मी म्हटलं, "अगं, ह्या जरा तुझ्या ताईसारख्या..."

बायको उभी राहिली होती. "ताई!"

लाँचवरच्या बाईंनी डोळ्यांवर हात धरला. "अगं, तू इथे कुठे?"

"तुझ्याकडेच चाललेय!"

"लाँचमध्ये दिसली नाहीस. म्हटलं, ही काही येत नाही. मीच निघाले तुझ्याकडे!"

चार वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं, आणि तेही दोन इंजिनांच्या आवाजावरून. चाळीस माणसं ऐकत होती. मी लाँचवाल्याला हात करून ओरडलो, "थांबवा हो, दोन मिनिटं!" त्याने मला ओळखलं. "साहेब, वेळ चुकेल," तो म्हणाला. नेमके माझेच शब्द. गेल्या पावसाळ्यात लाँच उशिरा आली म्हणून मी त्याची लेखी तक्रार केली होती.

लाँच पुढे गेली. ताई मागच्या टोकाला धावत आल्या आणि ओरडल्या, "किल्ली कुंडीखाली आहे! जेवण झाकून ठेवलंय!"

एकला वीस कमी असताना आम्ही ताईंच्या दारात उभे होतो. दिलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी. फक्त घरात घरमालकीण नव्हती.

घर रिकामं झालेलं. खोक्यांना दोऱ्या बांधलेल्या, भिंतीवर फोटोंच्या जागी चौकोनी डाग. स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ताटं मांडलेली. बायकोने ती मोजली. तीन होती. "तुमचंसुद्धा आहे," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत तिथेच बसली. मला पण भरून आलं. पण पँटमुळे मला बसता येत नव्हतं, तेव्हा मी उभ्यानेच गहिवरलो.

मग मेहुण्याचा फोन आला. साहेब आंघोळ करून धक्क्यावर पोचले आणि लाँचमधून ताईच उतरल्या. परतीची लाँच तीनला. "मी गाडीने आणू का लाँचने पाठवू?" त्याने विचारलं. मी तोंड उघडलं. बायकोने फोन माझ्या हातून काढून घेतला आणि म्हणाली, "आणतोस तर लगेच नीघ."

तो निघाला, हे खरं. वाटेत त्याला एक जवळचा रस्ता सापडला, त्या रस्त्याने त्यांना एका विटांच्या भट्टीपर्यंत नेलं, आणि तिथे टायर बसला. ह्या सगळ्या वेळात दोघी बहिणी मेहुण्याच्या फोनवरून बोलत होत्या. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. ते असं होतं: "हो ना... हो ना... अगं, हे घरी पण असंच... मला म्हणाले, चहा घे..."

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी ताई आल्या. मुलाने पाठवलेली गाडी आधीच दारात उभी होती आणि ड्रायव्हर घड्याळ बघत होता. दोघी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग जेवणावर बसल्या. एकूण पस्तीस मिनिटं हातात होती.

त्या पस्तीस मिनिटांत लग्नाचा विषय निघेल, कोण चुकलं ह्याचा निवाडा होईल, असं मला वाटलं होतं. त्याची गरजच पडली नाही. कोण चुकलं ह्यावर दोघींचं आधीच एकमत झालं होतं. ताई एक गोष्ट सांगायच्या, बायको त्याला दुसरी जोडायची, आणि दोघी हसून हसून ताटावर वाकायच्या. मी कोपऱ्यात ताईंचा एक जुना परकर गुंडाळून बसलो होतो आणि पँट खिडकीत वाळत होती. बायकोला इतकं हसताना मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो, असं मला मनापासून वाटलं.

चारला खोकी चढली. मी ओली पँट चढवून बाहेर आलो. ताई गाडीत बसल्या. ड्रायव्हर परगावचा होता. त्याने काच खाली करून मलाच विचारलं, "काका, हमरस्त्याला कसं लागायचं?"

दोघी बहिणींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

बावीस वर्षांत जे शब्द माझ्या तोंडून निघाले नव्हते, ते निघाले. "मला माहीत नाही," मी म्हणालो.

ताईंनी चार वर्षांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. "आता कसं बोललात," त्या म्हणाल्या.

ताई मागच्या काचेतून बहिणीकडेच बघत राहिल्या आणि गाडी कोपऱ्यापर्यंत जाऊन उजवीकडे वळली. हमरस्ता डावीकडे होता, हे खिडकीत बसून मी शेकडो लोकांना सांगितलेलं आहे. उजवीकडचा रस्ता दीपगृहाशी संपतो, आणि तिथून परत यायला ह्या दारावरूनच यावं लागतं. बायको हात हलवत होती आणि रडत होती. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि आत जायला वळली.

"आत जाऊ नकोस," मी म्हटलं. "थांब जरा."

"का?"

"असंच."