धोंडूमामांची नरकाची तयारी

भर मे महिन्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनामंदिरातला एकुलता एक पंखा सुरू झाला, की धोंडूमामा उठून त्याच्या वाऱ्याबाहेर, पार दाराशी जाऊन बसत. मला वाटलं, वारा बाधत असेल. विचारलं तर म्हणाले, "न्हाय वो बाई. सवय मोडते."

"कसली सवय?"

"उकाड्याची. नरकात पंखा हाय का?"

मी शाळेत शिकवते. पण असला प्रश्न मला कुठल्या पोरानेही विचारला नव्हता.

मामा मूळचे जवळच्याच राहनाळ गावचे. निजामपुऱ्यात आमच्याच चाळीत एका खोलीत एकटे राहत. सुताला खळ लावतात त्या सायझिंगच्या कारखान्यात ते बॉयलरवर फायरमन होते. बाकीचे फायरमन भट्टीत लाकडं सारून झाली की हवा खायला बाहेर पळायचे. मामा उलट भट्टीच्या तोंडाशी स्टूल ओढायचे. चहा बशीत न ओतता कपातूनच कढत घशाखाली उतरवायचे. एकदा मी कौतुकाने माठातलं गार पाणी दिलं, तर ते त्यांनी ओट्यावर उन्हात ठेवलं आणि गरम झाल्यावर प्यायले. मला असा राग आला!

एकदा आमच्या मंडळीची सहल वज्रेश्वरीला गेली. गरम कुंडात आम्ही पावलं बुडवून "आई गं" करत होतो. मामा सगळ्यात कढत कुंडात गळ्यापर्यंत बसले. आंघोळीला आलेले लोक घाबरून ओरडायला लागले, "अरे, निकालो कोई चाचा को!" मामा लालबुंद होऊन बाहेर आले आणि आमच्या म्हाताऱ्या पाळकांना अगदी गंभीरपणे विचारलं, "पास्तर, तिथं याच्यापरीस किती जास्ती?"

पाळक म्हणाले, "पुष्कळ."

मामा परत कुंडात उतरले.

बरं, माणूस विश्वासात पक्का. रविवार चुकवायचा नाही, प्रार्थनेला डोळे मिटले की आमेन होईपर्यंत उघडायचे नाहीत. पण बाप्तिस्म्याचं नाव काढलं की "औंदा न्हाय." दर ईस्टरला पाळक विचारायचे आणि दर ईस्टरला तेच, "औंदा न्हाय." प्रभुभोजनाची भाकर बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळते, म्हणून ती फिरायची वेळ झाली की आपणहून बाहेर जाऊन चपलांजवळ बसायचे. आम्ही त्यांना विक्षिप्त ठरवून मोकळे झालो होतो.

मग म्हातारे पाळक निवृत्त झाले. आणीबाणी लागायच्या आदल्या महिन्यात पुण्याकडून एक तरुण पाळक आले. धड दाढीही फुटली नव्हती. दुसऱ्याच रविवारी, शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून त्यांनी उपदेशात सांगितलं, की नरक कायमचा नाही. शेवटी देव सगळ्यांना, अगदी एकूण एक सगळ्यांना, घरी आणणार.

एकच हलकल्लोळ झाला. बायकांनी तोंडाला पदर लावले. मंडळीचे पंच फिलिपराव ताडकन उठले. "सगळ्यांना? मग मी लग्नापासून दारूला शिवलो नाही, तो काय मूर्ख म्हणून?"

खरं सांगते, मलाही धक्काच बसला. माझी धाकटी जाऊ तिथेही शेजारी येणार असेल, तर स्वर्गात जायचं कशाला? पाळक देवाच्या प्रेमाबद्दल काही सांगू बघत होते. कोणी ऐकेल तर शपथ.

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, दाराशी बसलेले मामा उठले. "पास्तर, असं बोलू नका. नरक हाय. कायमचा हाय."

"शाबास!" फिलिपराव गरजले. "बघा, बाप्तिस्मा न झालेल्या माणसालाही कळतं!"

"न्हायतर मंग आमची जनी कुठं हाय?" मामांनी विचारलं.

जनी कोण, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मामांनीच मग सांगितलं, ती त्यांची बायको. मामा प्रभूकडे वळायच्या आधीच तापाने गेली होती. मंडळीत आल्यावर त्यांनी म्हाताऱ्या पाळकांना पहिला प्रश्न तिचाच विचारला होता, आणि पाळकांनी जे मानत होते तेच जड मनाने सांगितलं होतं. ती नरकात आहे, आणि तिथून सुटका नाही.

"तिला उकाडा सोसत नव्हता," मामा म्हणाले. "चुलीम्होरं बसली का कासावीस व्हायची. भाकऱ्या मीच थापायचो. गावातली मानसं हसायची. आता मी बाप्तिस्मा घेतला तर मी वर आनि ती तिथं एकटी. म्हनून घेतला न्हाय. मी गेलो का आगीच्या बाजूला मी बसंन. ती माज्या आड बसंल."

आम्ही नरकावर नुसता वाद घालत होतो आणि हा माणूस तिथे जायची तयारी करत होता.

पाळक पुढे आले. "मामा, देव तिला तिथे ठेवणार नाही."

"नक्की?"

"माझा तसा विश्वास आहे."

"विश्वास माजा पन हाय, पास्तर. नक्की सांगा. तुमचं चुकलं तर मी वर अडकंन."

पाळकांनी हातातलं बायबल मिटलं. मामांनी फिलिपरावांकडे पाहिलं. फिलिपराव जमिनीकडे बघत होते. मग मामा माझ्याकडे वळले. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा."

हो म्हणावं असं फार फार वाटलं. पण ज्या माणसाने पाळकांच्या एका शब्दावर एवढं केलं, त्याला खोटं सांगायची हिंमत होईना. "मला माहीत नाही, मामा."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "मंग सवय मोडायला नको," म्हणाले, आणि भाकर फिरायची वेळ झाली होती म्हणून बाहेर चपलांजवळ जाऊन बसले.

पाळकांनी भाकरीचं ताट उचललं. तोच फिलिपराव परत उठले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा भांडण. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं.

कोणी का म्हणून विचारलं नाही. घाम पुसत पुसत आम्ही सगळ्यांनी भाकर घेतली.