शेजारच्या खाटेवरचे मास्तर

ॲक्युपंक्चर करून घ्यायचं ठरवलं तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. घरातल्या कुणीतरी "जा, बरं वाटेल" म्हणावं. पाच महिने माझा उजवा खांदा आखडला होता. हात कानाच्या वर जात नव्हता, शर्ट घालताना बायकोला बाही धरावी लागायची आणि मान वर केली की कळ थेट डोक्यात जायची. मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत कारकून आहे. (मृत्यूच्या खिडकीवर. जन्माच्या खिडकीवर जरा हसरा माणूस लागतो.) पाच महिन्यांत मी खिडकीपलीकडच्या एकाही माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं. फटीतून अर्ज आत यायचा, मी मान खाली घालून रजिस्टरमध्ये उतरवायचो.

"सुया?" बायको म्हणाली. "मागे रक्त तपासायला एक सुई टोचली, तर तुम्ही नर्सला 'आई' म्हणालात."

"अगं, सोबत कुणी असलं की—"

"मी नाही येणार. तुमचं अंग, तुमचा निर्णय."

बहिणीला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "घरी सगळ्यांना नीट भेटून जातोयस ना?"

मला खरंच वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी बायकोकडे दुसरं मागितलं तरी काय होतं? (चहा सोडून.)

शनिवारी दुपारी चार वाजता एकटाच गेलो. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला होता. वाटेतल्या सगळ्या दारांना कुलपं. कॉरिडॉरमधला दिवा मी जवळ गेलो की विझायचा आणि पुढे गेलो की लागायचा. बेलकडे बोट नेलं, तोच दार उघडलं.

"तुम्ही येणार हे माहीत होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. (अपॉइंटमेंट मीच घेतली होती, हे मला घरी गेल्यावर आठवलं.) त्यांच्या पायात कापडी सपाता होत्या. चालताना आवाज नाही, बोलताना जेमतेम.

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. दोन खाटा, मध्ये पांढरा पडदा. त्यांनी पुटपुटत, मोजत एकवीस सुया लावल्या. खांद्यात, मानेत, कपाळावर आणि शेवटची पायाच्या अंगठ्याजवळ.

"दुखतंय खांद्यात," मी धीर करून म्हणालो.

"ते अंगठ्याला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आता अर्धा तास हलायचं नाही. काहीही झालं तरी."

दिवा मंद करून त्या गेल्या. सुया दुखल्या नाहीत, हे कबूल करतो. पण 'काहीही झालं तरी' म्हणजे काय, हे विचारायचं राहून गेलं होतं. भिंतीतल्या नळातून थेंब पडत होता. थोड्या वेळाने लक्षात आलं, की खोलीत कुणीतरी श्वास घेतंय. तो मीच असणार म्हणून मी श्वास रोखला. आवाज चालूच राहिला.

पंख्याच्या वाऱ्याने पडदा सरकला. पलीकडच्या खाटेवर हनुवटीपर्यंत चादर ओढून एक माणूस पडला होता. चेहरा पिवळा, कपाळावर सुया, डोळे उघडे. ते आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे शिंपीमास्तर होते. माझ्या लग्नाचा कोट त्यांनीच शिवला होता. आणि गेल्या महिन्यात त्यांच्या मृत्यूची नोंद मी स्वतःच्या हाताने केली होती. घरी सांगितलं, तर बायकोने गॅस बंद करून तो कोट कपाटातून बाहेर काढला होता.

"आलात?" मास्तर छताकडे बघत म्हणाले.

"मास्तर... तुम्ही... इथे कधीपासून?"

"महिना होत आला. सुरुवातीला जड जातं. मग काही जाणवत नाही."

"आणि वहिनी?"

"ती तिकडेच आहे. म्हणाली, तुम्ही पुढे व्हा."

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. सुया भिजल्या असाव्यात. "मास्तर, तुमची नोंद मीच केली हो," मी म्हणालो. (अशा वेळी सरकारी माणसाला खरं बोलायची बुद्धी होते.)

"माहीत आहे. आज दाखला हातात पडला. त्यात लिहिलंय, मी वारलो आणि माझ्या थोरल्या भावाने तुमच्या खिडकीवर येऊन तशी खबर दिली."

"मग बरोबरच आहे की!"

मास्तरांनी हळूहळू मान माझ्याकडे वळवली. "भाऊ त्याच्या आठ दिवस आधीच गेला होता."

मी असा किंचाळलो, की नळाचा थेंबही थांबला. सुयांसकट खाटेवरून उडी मारली आणि दोन्ही हात वर करून खोलीच्या मध्यभागी उभा राहिलो. दार उघडून डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांच्या मागे पर्स छातीशी धरून माझी बायको!

"तू?"

"बाहेर बसले होते मघापासून. तुमच्या मागोमागच आले," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला गहिवरून आलं. तेवढ्यात तिला मास्तर दिसले आणि तीही किंचाळली.

"अहो, गेला तो भाऊ!" मास्तर उठून बसले. "अर्ज घेऊन मी आलो होतो. मान वर केली असती तर दिसलो असतो."

अर्जावर दोन रकाने असतात, मृताचं नाव आणि खबर देणाऱ्याचं नाव. मी त्यांची अदलाबदल केली होती.

"हात बघा तुमचा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बघतो तर उजवा हात सरळ दिव्यापर्यंत पोचलेला. दुखणं औषधालाही उरलं नव्हतं.

मग मला एकदम कारकुनी रुबाब आला. अंगातल्या सुया निघत असतानाच मी मास्तरांना सांगितलं, की दुरुस्तीसाठी अर्ज लागेल, त्यात चूक कशामुळे झाली याचं कारण लिहावं लागेल आणि तुम्ही हयात असल्याबद्दल दोन साक्षीदारांच्या सह्या लागतील. मास्तरांनी डॉक्टरीणबाईंच्या पॅडवर तिथेच अर्ज लिहिला. एक सही डॉक्टरीणबाईंनी केली, दुसरी बायकोने. मी तो कागद बऱ्या झालेल्या हाताने ऐटीत उंच धरून वाचला.

कारण : 'माणूस समोर उभा असूनही तो जिवंत आहे की मेलेला, हे खिडकीवरच्या कारकुनाला कळत नाही.'

खाली बायकोची सही होती. सहीच्या वर तिने आपल्या वळणदार अक्षरात एक जादा ओळ घातली होती : 'वरील मजकुराला, बावीस वर्षांच्या अनुभवावरून, माझा पूर्ण पाठिंबा आहे.'