आपत्तीच्या वेळी म्हशींनी कुठे जमावे

नऊ पानी आपत्ती योजना लिहून झाल्यावर शुभंकरने ऐटीत वडिलांकडे पाहिलं. “आप्पा, आता आग लागो नाहीतर पूर येवो, आपल्या म्हशींच्या केसालाही धक्का लागणार नाही!”

“पन्नास वर्षं आग लागली न्हाई,” आप्पासाहेब म्हणाले. “तुझ्या कागदाचीच वाट बघत आसंल.”

धायरीतला चौदा म्हशींचा गोठा टिकवायचा, तर एका मोठ्या डेअरीचा करार मिळायलाच हवा होता. नाहीतर आप्पासाहेब दिवाळीनंतर गोठा पाडून तिथे गाळे काढणार होते. डेअरीची अट एकच: योजना लिहा आणि करून दाखवा.

शनिवारी सकाळी डेअरीच्या तपासनीस ऋचा मॅडम घड्याळ घेऊन आल्या. शुभंकरने शिट्टी फुंकली. आप्पासाहेबांनी भराभर दावी सोडली. मागच्या मैदानात ‘जमण्याचे ठिकाण’ या पाटीखाली शुभंकर वधुपित्यासारखा स्वागताला उभा राहिला.

एकही म्हैस आली नाही!

“आप्पा, म्हशी कुठायत?”

“गेल्या की, कांताबाईमागं.”

वीस वर्षं कांताबाईच या म्हशींना वैरण घालत होत्या, त्यांची धार काढत होत्या. त्या चालल्या की म्हशी चालत. शुभंकरने घाईघाईने योजनेचं पान चार उघडलं. ‘कांताबाई: पुढच्या फाटकातून शेजारच्या सोसायटीत जाऊन रहिवाशांना सावध करणे.’ सोसायटीत दुधाचा रतीब त्याच घालत, म्हणून हे काम त्यांना दिलेलं!

तो धापा टाकत सोसायटीत पोचला. तिथे कोणी म्हणत होतं मोर्चा आहे, कोणी म्हणत होतं शूटिंग. कांताबाई मात्र इमानदारीत ओरडत होत्या, “आग लागलीया! खोटी हाय, पर बाहेर या!” लोक एक पाय दारात, एक पाय जिन्यात ठेवून उभे होते.

आणि म्हशी? पोहण्याच्या तलावात! चौदाच्या चौदा, नाकापर्यंत.

“अहो, टोपी घातल्याशिवाय पोहता येत नाही इथे,” सोसायटीचे सेक्रेटरी गंधार लिमये शांतपणे म्हणाले.

“लगेच बाहेर काढतो!”

“सावकाश काढा. पाहुण्यांना एक तास असतो.”

शुभंकर कांताबाईंकडे वळला. “मावशी, हाक मारा ना त्यांना!”

“मारली की! पानी दिसल्यावर मला कोन इचारतंय? आन् तुझ्या कागदात माझं काम सावध करायचं हाय. झालं ते.”

शेवटी शुभंकरनेच पँट दुमडली आणि तो पाण्यात उतरला. पँट दुमडण्याचा काही उपयोग झाला नाही.

काठावरून ऋचा मॅडम लिहीत होत्या. “गोठा रिकामा, तीन मिनिटं दहा सेकंद. उत्तम! आता जनावरं गोठ्यात परतल्याची वेळ सांगा. हा रकाना भरल्याशिवाय करार पुढे जात नाही.”

शुभंकरने पुढच्या म्हशीला खांदा लावून जोर केला. तिने सुखाने डोळे मिटले.

“मॅडम,” तो म्हणाला, “तूर्त नुसती तारीख टाका. आणि तीही पेन्सिलीने!”